शुक्रवारची ऊब

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ही डायरी काचसामान विकणाऱ्या एका एजंटनं फुकट दिली. पहिल्या पानावर ‘या वर्षी आपली सर्व स्वप्नं पूर्ण होवोत’ असं छापलंय आणि खाली त्याचा मोबाइल नंबर. माझं स्वप्न एकच आहे. १५ एप्रिलच्या आत प्रबंध सादर करणे. सात वर्षं झाली. दोनदा मुदतवाढ मिळाली, तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठानं कळवलंय. सात वर्षांत त्यांचं हे एकच पत्र वेळेवर आलं. पीएचडी झाली नाही तर उल्हासनगरच्या कॉलेजात मी जन्मभर तासिका तत्त्वावरची नीलिमा मॅडम. वय सेहेचाळीस.

आजपासून आनंदनगर एमआयडीसीतला भूपेशचा गाळा शुक्रवारपुरता माझा. भूपेश माझा जुना विद्यार्थी, प्राणिशास्त्रात दोनदा नापास झालेला. आता त्याची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे आणि मी त्याच्याकडे जागा मागायला गेले. शिक्षणाचं महत्त्व म्हणतात ते हेच असावं. करोनात त्यानं चाचण्यांसाठी पीसीआर मशीन घेतलं, ते तेव्हापासून मोटारसायकलच्या कव्हरखाली झाकून पडलंय. “आमचे आज्यानं इथं भात लावला, आमी मशीन लावला,” तो म्हणाला. “शुक्रवारी अख्खी एमआयडीसी बंद रहते मॅडम. तुमी वापरा बिनधास्त.”

बंद म्हणजे वीजसुद्धा बंद. लाइनच्या कामासाठी शुक्रवारी दहा ते दोन लाइट नसतात. जनरेटर आहे, पण सुट्टीच्या दिवशी तो लावायला माणूस नाही. पेशी ठेवायची पेटी मात्र जुन्या पद्धतीची, भिंतींत पाणी भरलेली. दार उघडलं नाही तर चार तास ऊब धरते. मी बुधवारी संध्याकाळी पेशी पेरून जाणार, शुक्रवारी कॉलेज उरकून तीनला येऊन उचलणार. तोवर गाळ्यात फक्त राजाबाई. झाडलोट, बाटल्या धुणं, चहा, सगळं तिच्याकडे.

तिला पेटी दाखवून सांगितलं, “यात जिवंत पेशी आहेत. लेकरांसारखं बघा यांच्याकडे. गारठता कामा नयेत.” विज्ञान सांगून काय उपयोग, या मंडळींना भावना कळतात. राजाबाईनं पेटीला हात जोडले.

रविवार, १२ जानेवारी

समीरनं जेवताना विचारलं, “तुझं ते युबिक्विटिन नक्की करतं काय?” लग्नाला वीस वर्षं झाली, प्रबंधाला सात. प्रश्न अगदी वेळेवर आला.

तो अंबरनाथला सरकारी कारखान्यात तपासणी विभागात आहे, म्हणून त्याच्याच भाषेत सांगितलं. पेशीत प्रथिनं बनतात, झिजतात, बिघडतात. बिघडलेल्यावर युबिक्विटिन चिकटतं. ते चिकटलं की माल तोडायला जातो, आणि युबिक्विटिन सोडवून परत वापरतात.

“रिजेक्टचा शिक्का,” समीर म्हणाला. “पण शिक्के बनवतं कोण?”

तोच माझा प्रबंध. शिक्के पुरवणारी चार जनुकं. दोन रोजच्या नेमाची. दोन अडीअडचणीची, पेशी तापली, विष लागलं, की ती दणक्यात माल काढतात. माझं लक्ष त्यातल्या यूबीसी नावाच्या जनुकावर. पेशीला बाहेरून भरपूर युबिक्विटिन पुरवलं तर ती स्वतःचं हे जनुक थंड करते. परदेशात दुसऱ्या पेशींत हे दिसलंय, मला माझ्या यकृताच्या पेशींत दाखवायचंय. आणि ती काही सरळ टाळं लावत नाही. जनुकाचा निरोप लिहिला जातो, त्यातला एक मधला तुकडा कापून टाकायचा असतो, तो कापायचाच राहतो. निरोप अर्धवट, काम बंद.

“म्हणजे फाईल फिरते, फक्त एक सही बाकी ठेवतात,” समीर म्हणाला. सरकारी नोकरीत माणूस जीवशास्त्र आपोआप शिकतो.

मग रात्री राजसीच्या जर्नलच्या सोळा आकृत्या काढल्या. बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर आणि कन्येला कांद्याचं मूळ कुठल्या बाजूनं कापायचं तेही ठाऊक नाही. दप्तर मी भरते, वेळापत्रक मी करते, फॉर्म मी भरते, मोजेसुद्धा मी शोधते. तिला आपलं आपण काही सुचतच नाही. कोणावर गेलीय देव जाणे. गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात परीक्षक होते तेव्हा आईनं काढलेल्या आकृत्या मी बरोब्बर ओळखल्या होत्या आणि मार्क कापले होते. राजसीच्या आकृत्या काढताना म्हणून मुद्दाम दोन रेघा वाकड्या काढल्या.

शनिवार, १८ जानेवारी

काल उचललेल्या पेशींचा निकाल आज मशीनवर पाहिला. बाहेरून पुरवठा केलेल्या पेशींत यूबीसी गप्प हवं होतं. ते बोंबलतंय. पुरवठा न केलेल्या पेशींतही बोंबलतंय. दोन्हीकडे सारखंच, घराला आग लागल्यासारखं.

पहिल्या वेळी असं होतंच. माझाच हात बसला नसेल.

शनिवार, १ फेब्रुवारी

तिसरा शुक्रवार. तेच. रसायनं बदलली, पाणी बदललं, पेशींची नवी बाटली काढली. मी स्वतः डोक्यावरून आंघोळ करून गेले. यूबीसीला काही फरक नाही.

पेशींना कसला तरी त्रास होतोय, त्याशिवाय हे जनुक इतकं वर जात नाही. पण त्रास कसला? चार तास लाइट नसले तरी पेटी सदतीसच्या आसपासच असते. मी पोचते तेव्हा आकडा व्यवस्थित. राजाबाई समोर स्टुलावर बसून असते, पहारा दिल्यासारखी. “लेकरं बरी हायत मॅडम,” म्हणते. निदान कोणाला तरी ती बरी वाटतात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हिंदुराव सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, भेटून आले. चार आलेख पुढे ठेवले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आलेख तेच होते.

“मॅडम, बहुतेक तुमचं गृहीतकच चुकलंय.”

सात वर्षांपूर्वी ते गृहीतक सरांनीच दिलं होतं. तेव्हा ते ‘आपलं’ होतं, आता ‘तुमचं’ झालं. परतताना उल्हासनगरला उतरून विनाकारण दालपकवान खाल्लं आणि डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती असं घरी सांगितलं.

मला भीती वाटते. हे झालं नाही तर मी काय, असा प्रश्न पडतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निकाल आला. पुरवठा केलेल्या पेशींत यूबीसी निम्म्याहून खाली. न केलेल्यांत असावं तेवढंच, बोंब नाही. अर्धवट निरोप साठलेले स्पष्ट दिसतायत, म्हणजे तुकडा कापायचा राहतोय हेही सिद्ध. पुस्तकात छापावं इतकं देखणं.

कालचा दिवस तसा वाईटच होता. राजाबाई भाच्याच्या हळदीला गेलेली, त्यामुळे किल्ली वॉचमनकडून घ्यावी लागली, चहा नाही, बाटल्या मीच धुतल्या. आणि तरीही असा निकाल. या वेळी नव्या कंपनीच्या टिप्स वापरल्या होत्या, थेंब मोजायच्या नळीला लावतात त्या. सगळा दोष जुन्या टिप्सचा होता तर. एजंटला फोन करून झापलं. ज्यानं ही डायरी दिली तोच एजंट.

राजसी परीक्षेला निघताना म्हणाली, “आई, काँग्रॅट्स.” मग विचारलं, “माझा निळा पेन कुठाय?” मी शोधून दिला. तिच्या हातातच होता.

शनिवार, १ मार्च

नव्या टिप्स, नवं सगळं. राजाबाई परत आली, हळदीचे लाडू घेऊन. आणि यूबीसीही परत बोंबलायला लागलं.

सरांना फोन केला. म्हणाले, “एकवीस फेब्रुवारीचंच घ्या. त्याचेच तीन भाग करून तीन वेगळे प्रयोग म्हणून दाखवा. बाकीचे आकडे कोण विचारतंय?” सरांचे चौदा विद्यार्थी पास झालेत. कसे, ते मला आज कळलं.

कोण विचारतंय, हे खरंच आहे. फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. करून टाकावं असंही वाटलं. इथं खोटं बोलायचं तर डायरी कशाला.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. कॉलेजला सुट्टी, बदलापूरला मांजर्लीत आमच्या सोसायटीत सकाळपासून डीजे. अकरा वाजताच लॅबला पळाले. गाळ्यात अंधार, लाइट गेलेले. आतून गॅसचा आवाज. राजाबाई चहाच्या पातेल्यात पाणी उकळत होती.

मला वाटलं चहा. तिनं ते पाणी शेकायच्या रबरी पिशवीत ओतलं, बूच घट्ट केलं, पिशवी नातवाच्या दुपट्यात गुंडाळली, आणि पेटीचं दार उघडून माझ्या पेशींच्या बशांना खेटून ठेवली. वरून हलकेच थोपटलंसुद्धा.

मी तिथल्या तिथे थर्मामीटर आत टाकला. अर्ध्या तासात त्रेचाळीस. पेशींना चांगला ताप भरायला एवढं पुरतं. दर शुक्रवारी पिशवी, दर शुक्रवारी ताप, आणि मी यायच्या आधी पिशवी बाहेर. फक्त हळदीच्या दिवशी नाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. वॉचमन आत डोकावून गेला. राजाबाई भिंतीला टेकून उभी होती, पिशवी पोटाशी धरून.

“तुमीच बोललात ना मॅडम. लेकरांसारखं बघा, गारठू देऊ नका. लाइट जाते तवा मी काय करू? आज सुट्टी हाय तरी मी आले. लेकरांना कुठं सुट्टी असते?”

“मी असं कधीही म्हणाले नाही,” मी म्हटलं.

घरी येऊन दहा जानेवारीचं पान उलटलं. म्हणाले होते. दार उघडू नका, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं, तेच सांगितलं नाही. कारण तिला विज्ञान कळत नाही.

शनिवार, १५ मार्च

वॉचमननं भूपेशला कळवलं. त्याचा फोन. “मॅडम, तुमचा नुकसान झाला. सोमवारपासून तिला काढून टाकतो.”

एक क्षण बरं वाटलं. लिहून ठेवते.

मग सरांना फोन. ते म्हणाले, “उत्तम. दोष बाईचा. पण प्रबंधात यातलं काही लिहू नका, परीक्षक हसतील.” मी विचारलं, मग आधीचे सात शुक्रवार दाखवायचे कुठे? “कुठले सात?” सर म्हणाले.

सोमवार, १७ मार्च

भूपेशला सांगितलं, सूचना माझी चुकली, बाईला हात लावायचा नाही. तो म्हणाला, “तुमी बोलता म्हनून.” त्याला परीक्षेत नापास करताना मी असं कुणाचं ऐकलं होतं का, हे त्यानं विचारलं नाही. मोठ्या मनाचा आहे.

राजाबाईला सांगायला गेले तर ती बाटल्या धूत होती. वर न बघता म्हणाली, “जगली ना पण ती?” जगली, म्हटलं. “मग काय तर,” ती म्हणाली. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

मंगळवार, १८ मार्च

राजसीचा शेवटचा पेपर. मी सकाळी सहालाच लॅबला गेले होते. संध्याकाळी समीरकडून कळलं, पोरगी स्टेशनच्या रस्त्याला लागली आणि हॉल तिकीट घरी. तिनं रिक्षा फिरवली, किल्ली शेजाऱ्यांकडून घेतली, तिकीट घेतलं, आणि केंद्रावर दहा मिनिटं आधी पोचली. पेपरही बरा गेला म्हणते.

“मला फोन का नाही केलास?” मी विचारलं.

“तू उचलला नसतास,” ती म्हणाली. “मग मीच काय ते केलं.”

वाईट वाटलं. आई घरात नसली की मुलांचे असे हाल होतात. आता हे प्रबंधाचं खूळ संपलं की आधी तिच्याकडे बघायला हवं.

शुक्रवार, २१ मार्च

रजा टाकून नऊलाच लॅबमध्ये. पेटीच्या दारावर कागद चिकटवला, ‘उघडू नये’. दहाला लाइट गेले. मी एका स्टुलावर, राजाबाई दुसऱ्यावर. दोघी पेटीकडे बघत.

साडेदहाला ती म्हणाली, “आता काय करायचं?”

“काही नाही.”

“हात पण नाय लावायचा?”

“नाही.”

अकराला ती उठली, पेटीपर्यंत गेली, कागद वाचल्यासारखं केलं, परत आली. साडेअकराला पुन्हा. बाराला तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. तेवढ्यात राजसीचा फोन. कुकरची शिट्टी होत नाहीये. मी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, रबर, झाकण, पाणी, आच. राजाबाई माझ्याकडे बघत होती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “काय नाय करायचं, हे लई अवघड काम हाय मॅडम.”

तुम्हाला सवय नाही म्हणून, मी म्हटलं.

दोनला लाइट आले. पेटी साडेपस्तीस. एवढ्याचं काही होत नाही.

शनिवार, २२ मार्च

पुरवठा केलेल्या पेशींत यूबीसी गप्प. अर्धवट निरोप साठलेले. सगळं एकवीस फेब्रुवारीसारखं. मशीनसमोर मी रडले. भूपेशला वाटलं मशीन बिघडलं.

शनिवार, ५ एप्रिल

कालचाही शुक्रवार तसाच, गेल्या आठवड्याचाही. चार वेळा तेच उत्तर, आता कोणी नाही म्हणू शकत नाही.

आणि पिशवीचे शुक्रवार मी फेकले नाहीत. स्वतंत्र प्रकरण केलं. बाहेरून कितीही पुरवठा असला तरी, निदान माझ्या पेशींत, ताप भरला की यूबीसी स्वतः उठून कामाला लागतं. पुरवठा त्याला झोपवतो, अडचण त्याला उठवते. पद्धतीच्या पानावर लिहिलं, ‘संशोधकाच्या चुकीच्या सूचनेमुळे पेशींना अंदाजे त्रेचाळीस अंश उष्णता मिळाली.’ कितव्या मिनिटाला पिशवी ठेवली आणि कधी काढली, ते राजाबाईकडून विचारून लिहिलं. तिला सगळं पाठ होतं. ऋणनिर्देशात तिचं पूर्ण नाव घातलं, सरांच्या वर. सर म्हणाले, क्रम बघा. बघितलाय, म्हटलं.

निघताना राजाबाईनं पिशवी हातात ठेवली. “इथं आता कुनाला लागत नाय. घरी घेऊन जा, कंबर शेकाया होईल.” मी तेव्हा माफी मागितली. “लेकरांचंच केलं ना दोघींनी,” ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मंगळवार, १५ एप्रिल

सादर केला. खिडकीतल्या माणसानं वजन बघावं तसा प्रबंध हातात तोलला आणि विचारलं, “सीडी आणली का?” सात वर्षं संपली ती या प्रश्नावर. आणली होती.

चारला घरी. बाहेर बदलापूरचं ऊन, चटके बसतायत. ओट्यावर झाकून ठेवलेली खिचडी, राजसीनं केलेली. थोडी खाली लागलीय, पण खाण्यासारखी. तिच्या कपाटाला ‘नीट’ प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलंय, स्वतः आखलेलं, तीन रंगांत. बुधवारी फिजिक्स दोनदा आलंय. उद्या बसून मी दुसरं करून देते. बिचारीनं तीन महिने एकटीनं ओढलं, आता मी मोकळी आहे.

पोरगी दुपारची झोपलीय, पंखा पाचवर. पायाला हात लावून पाहिला तर गार लागला. या मुलांना स्वतःकडे बघायचं कळतच नाही. पातेल्यात पाणी उकळलं, राजाबाईची पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवली. जागी होईल म्हणून दार हलकेच ओढून घेतलं.